बेटावरच्या हवेल्या आणि पुढच्या वर्षाचं टार्गेट

बियाण्याच्या कंपनीनं विक्रेत्यांना जहाजाची सहल दिली, त्या वर्षी मला खरं तर नुसतं झोपायचं होतं. परतूरला पुढं आमचं बियाण्याचं दुकान आणि मागं घर. मे-जूनमध्ये तर जेवायलाही सवड नसते. त्या वर्षी ऐन मिरगात हे गिऱ्हाइकासमोर चक्कर येऊन पडले. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, व्याप कमी करा. तरी यांनी टार्गेट पुरं केलंच, आणि त्याचं बक्षीस म्हणून दिवाळीनंतर आम्ही दोघं सिंगापूरहून निघालेल्या जहाजावर.

जहाज एका बेटाला लागलं. तिथली जुनी घरं आणि बागा बघायच्या होत्या. उतरता उतरता मी यांना म्हणाले, "आज कंपनीचे साहेब पुढच्या वर्षाच्या टार्गेटचं विचारतील. हात वर करताल का?"

"न्हाई. बास झालं आता."

"बघा बरं."

"एकदा सांगितलं ना. मीबी थकलो."

मला फार बरं वाटलं. सहलीतून मला हवं होतं ते एवढंच.

बसनं गेलो ती पहिली हवेली कुण्या मसाल्याच्या व्यापाऱ्याची. आमच्याकडचं ऊन भाजतं, पण कोरडं असतं. इथं साडी अंगाला चिकटून बसली होती. गाइड मुलगी इंग्रजीत भरभरून सांगायची आणि साहेब त्याचं एका वाक्यात हिंदी करून मोकळे व्हायचे. काळे शिसवी पलंग, शिंपल्यांची नक्षी, माणूस मावेल एवढ्या बरण्या. सगळे वा वा करत होते. माझ्या डोक्यात एकच, एवढ्या नक्षीतली धूळ रोज पुसायचं कोण? खुर्च्या ढीगभर, पण प्रत्येकीला आडवी दोरी बांधलेली. माझ्या टाचा ठणकत होत्या. दुसऱ्या हवेलीतही तसेच पलंग आणि तेवढेच जिने.

बागेत मात्र आमची मंडळी जागी झाली. फुलांकडे कुणी बघेना, सगळ्यांचे हात शेंगांकडे. यांनी एक वाळकी शेंग तोडली, दाणा दाताखाली धरला आणि जालन्याच्या मारवाडी शेटजींना म्हणाले, "भरलाय चांगला. उगवण बराबर व्हईल."

लांबून रखवालदारानं शिट्टी फुंकली. माझं डोकंच फिरलं. "थुंका आधी ते. विषारी असलं तर या मुलखात तुम्हाला घेऊन कुठं हिंडू मी?"

यांनी मुकाट्यानं थुंकलं.

शेवटी बागेतल्या मांडवात चहा होता. हे बसले, बूट काढले आणि माझ्या खांद्यावर मान टाकून घोरायलाच लागले. गाल आत गेलेले, तोंड उघडं. दुकानाच्या धबडग्यात मी यांच्याकडे असं निवांत बघितलंच नव्हतं. फार म्हातारे दिसले मला. भीती वाटली.

तेवढ्यात साहेब उभे राहिले. पुढच्या वर्षी याहून मोठं टार्गेट, याहून लांबची सहल. कोण कोण तयार आहे? हात वर होऊ लागले. शेजारच्या शेटजींनी हसत हसत यांचं मनगट धरलं आणि वर केलं. "भाभी, ये कैसे पीछे रहेंगे?"

"शेटजी, सोडा त्यांचा हात. त्यांना न्हाई करायचं," मी म्हणाले. पण साहेबांनी यांचं नाव पुकारलं होतं आणि माझं बोलणं टाळ्यांत गेलं.

त्या टाळ्यांनीच यांना जाग आली. सगळे आपल्याकडे बघून टाळ्या वाजवताहेत, एवढंच त्यांना दिसलं असावं. तसेच अनवाणी उठले आणि हात जोडून चारी बाजूंना नमस्कार करू लागले. साहेबांनी लांबूनच अंगठा दाखवला.

खाली बसल्यावर माझ्याकडे वाकून हळूच विचारलं, "काय झालं गं? कशाच्या टाळ्या?"

मी वाकून त्यांचे बूट पुढं सरकवले.

"बूट घाला," मी म्हणाले. "बस निघायलीय."