आप्पांच्या गाडीवरचा साबण

आमच्या कोल्हापुरात जुन्या मोटरसायकलच्या टाकीखालचा पेट्रोलचा कॉक गळायला लागला की त्यावर अंगाचा साबण चोळतात. माझ्या वडिलांनी, आप्पांनी, वर्षभर तेच केलं. काल मात्र त्यांनी जाहीर केलं, "उद्या संध्याकाळी भंगारवाला येतोय. गाडी देऊन टाकायची."

याच गाडीवर मी क्लच सोडायला शिकले. आज सकाळी अंगणात टाकी रिकामी केली, कॉक काढला, साबण खरवडला आणि नवा वायसर बसवला. पेट्रोल ओतलं. थेंब आलाच.

"इंजिनिअर हाईस न्हवं? मग का गळतंय?" आप्पा दारातून म्हणाले.

चूक माझीच होती. वायसर बदलला, पण तो जिथे टेकतो ती बाजू तपासलीच नव्हती. त्या बाजूवर स्टीलची सरळ पट्टी धरल्यावर मध्ये फट दिसली. गळती थांबावी म्हणून आप्पांनी वर्षभर स्क्रू आवळून आवळून कॉकची ती बाजूच वाकली होती. काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून ती तासभर घासली, सपाट केली. कॉक पुन्हा बसवून पेट्रोल भरलं आणि खाली वर्तमानपत्र पसरलं.

चार वाजेपर्यंत कागदावर एक डाग नव्हता. आप्पांनी कॉकवर बोट फिरवलं, वास घेतला आणि भंगारवाल्याला फोन लावला. "पावणं, येऊ नका. पोरगी गाडी सोडंना झालीया."

मग त्यांनी साबणाची वडी गुपचूप टूलबॉक्समध्ये ठेवली. मी ती काढून मोरीत नेऊन ठेवली.

तुमच्या गाडीवरही साबण आहे का? तो खरवडून खाली काय बिघडलंय, हे कधी पाहिलंत?