इटली राहिली आणि रवळनाथाचे खांब पाहिले

दिवाळीच्या सुट्टीत मी इटलीला जाणार होते. ही गोष्ट मी शाळेत, सोसायटीत आणि वाण्याकडेसुद्धा सांगून ठेवली होती, आणि म्हणूनच ती झाली नाही असं माझ्या सासूबाईंचं मत आहे. मी आठवीला इतिहास शिकवते. प्रबोधनाचा धडा एकोणीस वर्षं शिकवतेय. मध्ययुग संपलं, लोकांनी जुन्या ग्रीक-रोमन ग्रंथांवरची धूळ झटकली, कलेला आणि विद्येला नवा जन्म मिळाला, माणूस देवाला विचारायचं सोडून स्वतः विचार करायला लागला, हे मी झोपेतही म्हणून दाखवीन. म्हटलं, एकदा ते फ्लोरेन्स डोळ्यांनी बघून घेऊ. पण टूरला पुरेशी माणसं जमली नाहीत, सहल रद्द झाली आणि भरलेली बॅग तशीच पलंगाखाली गेली.

त्याच आठवड्यात सुलक्षणाचा फोन आला. ही माझी कॉलेजातली मैत्रीण. चित्रकला शिकली, मग जुनी चित्रं आणि कोरीवकाम जतन करायचं काम शिकली. आता ती कुडाळजवळच्या तिच्या गावी रवळनाथाच्या देवळात काम करत होती. "तुझा तो धडा इथे चालू आहे, बघायला ये," ती म्हणाली. "सोमवारच्या आत ये. सोमवारी निकाल आहे." निकाल कसला ते काही सांगितलं नाही. मी बॅग ओढून बाहेर काढली आणि त्यातले लोकरीचे मोजे तेवढे काढून ठेवले.

शुक्रवारी सकाळी कोल्हापूरहून एसटी धरली. राधानगरी, दाजीपूर करत गाडी घाट उतरते. ज्यांना गाडी लागते त्यांनी नाश्ता फोंडाघाटला उतरल्यावरच करावा, आधी केला तर आपली जबाबदारी. बाजारात थांबून मी वडा-पाव आणि चहा घेतला. एसटीत बायकांना अर्धं तिकीट असल्यामुळे इटलीच्या मानानं हा प्रवास फुकटच म्हणायचा. कुडाळला पोचायला पाच तास लागले. स्टॅंडवरून रिक्षा केली, साडेतीनशे रुपये पडले. रिक्षावाला वालावलपर्यंत आनंदात होता. तिथे लक्ष्मीनारायणाच्या देवळामागचं तळं आणि पुढची खाडी त्यानं मला न मागता दाखवली. त्यापुढे मात्र आम्ही दोघंही चुकलो. तीन माणसांना विचारलं, तिघांनीही "हयच, त्या वळणार" असं सांगितलं आणि तिघांची वळणं वेगळी निघाली. गावाचं नाव लिहू नकोस असं सुलक्षणानं बजावलं आहे, त्यामुळे तुम्ही चुकलात तर मला बोल लावू नका.

देऊळ कौलारू, बुटकं, बाहेरून अगदी साधं. आत सभामंडपात फणसाच्या लाकडाचे चार खांब. तीन खांब ऑइल पेंटनं रंगवलेले: निळे, पिवळे, लालभडक, त्यांवर पोपट, वेली, आणि चौथ्या कोपऱ्यातल्या खांबावर पिसारा फुलवलेला एक मोठा मोर. मला ते रंग बघून हसू आलं, हे कबूल करते. पहिला खांब मात्र सुलक्षणानं तीन आठवडे खपून साफ केला होता, नमुना म्हणून. कापसाचे बोळे, औषधं आणि बारीक सुरी घेऊन तिनं तो रंग उतरवला होता. खाली मृदंग वाजवणारी एक बाई निघाली होती. तिच्या बोटांची पेरंसुद्धा कोरलेली, आणि लुगड्याच्या घडीत जुन्या कावेच्या, म्हणजे तांबड्या मातीच्या रंगाची एक रेघ अजून टिकलेली. मी खूप वेळ तिच्यासमोर उभी राहिले. माझा धडा माझ्यासमोर लाकडात उभा होता, याचा मला फार आनंद झाला.

"उरलेले तीन कधी करणार?" मी विचारलं.

"गावानं होय म्हटलं तर. गाव देवाला विचारणार. सोमवारी कौल आहे."

आणि मग तिनं दारातल्या पायरीकडे मान वळवली. तिथे एक म्हातारे गृहस्थ पान जुळवत बसले होते. "हे माझे काका. अप्पाकाका. तो ऑइल पेंट त्यांनी दिलाय."

मघाचं हसू आठवून मी घाईघाईनं त्यांना नमस्कार केला.

अप्पाकाकांनी मुंबईत दुकानांच्या पाट्या रंगवण्यात उमर घालवली. दरवर्षी मे महिन्यात गावी येताना ते रंगाचे डबे घेऊन यायचे आणि सुट्टीभर हे खांब रंगवायचे. असे चार मे महिने गेले. वाळवी लागत होती, लाकूड काळं पडलं होतं, कुणी ढुंकून बघत नव्हतं. रंग दिल्यावर लोक लग्नाचे फोटो त्या खांबांपाशी काढायला लागले. हे त्यांनी मला सांगितलं, पण बढाई म्हणून नाही, पाऊस किती झाला ते सांगावं तसं.

"बाई, तुमी इतिहास शिकवतास मां? मगे सांगा, ह्या खांबांचा खरा रूप खंयचा?"

खरं रूप कोणतं, याचं उत्तर मी धड्यात शोधलं. धड्यात मी सांगते, की प्रबोधनातल्या माणसांनी फार जुनं ते शोधून काढलं आणि मधल्या हजारेक वर्षांना 'मधलं युग' म्हणून टाकलं. एवढी वर्षं मला त्यात काही खटकलं नव्हतं. मधलं युग पायरीवर बसून आपल्याला पान देऊ करील, असं कधी वाटलं नव्हतं.

रविवारी सुलक्षणा म्हणाली, देवळात बसून डोकं फिरेल, चल. तिच्या स्कूटरवरून मालवणमार्गे तोंडवलीला गेलो. रस्ता शेवटी अरुंद होतो, दोन्हीकडे सुरूची झाडं, समोरून टेम्पो आला की आपण वाळूत. किनाऱ्यावर गर्दी नव्हती. एका घरी सांगून ठेवलं तर जेवण मिळतं. आम्हाला बांगड्याचं तिखलं, तळलेली सुरमई, भात आणि सोलकढी मिळाली, पानाला अडीचशे. सोमवारी गावात मासे मिळणार नाहीत म्हणून मी दोनदा भात घेतला. सुलक्षणा मात्र जेवेना. हे काम तिला मिळावं म्हणून तिनं शहरातली नोकरी सोडली होती. डावा कौल, म्हणजे नकार, पडला तर साफ केलेला खांबही परत रंगवावा लागणार होता, कारण एक खांब उघडा आणि तीन रंगलेले, हे देवाला चालणार नाही असं गावाचं म्हणणं होतं.

"आणि उजवा पडला तर?" मी विचारलं.

"तर मी माझ्या काकांचं काम खरवडून टाकणार," ती म्हणाली आणि समुद्राकडे बघत बसली. मला नक्की कुठला कौल हवा होता ते मलाही कळेना. 

सोमवारी सकाळी नऊला देवळात चाळीसेक माणसं जमली. कौल म्हणजे काय ते न पाहिलेल्यांसाठी सांगते. गुरव देवाच्या मूर्तीवर दोन्ही बाजूंना भिजवलेल्या पाकळ्या लावतो. मग देवाला गाऱ्हाणं घालतात, म्हणजे सगळ्यांदेखत मोठ्यानं प्रश्न मांडतात. उजव्या बाजूची पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. तासन् तास एकही पडत नाही असंही होतं. आता ऐका. त्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान सुलक्षणाच्या घराण्याचा, आणि घराण्यात वडीलधारे म्हणजे अप्पाकाका. स्वतःचा रंग खरवडायचा का, हे देवाला विचारायचं काम त्यांचंच होतं.

मला वाटलं, प्रश्न आपल्या बाजूनं वळवायला त्यांना एक शब्द पुरे होता. ते हात जोडून उभे राहिले.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा, आज जी काय तुजी लेकरां हय जमली हत..."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"ह्या चार खांबांचो रंग खरवडून खालचा जुना काम उघडा करूचा, असा ह्या चेडवाचा म्हणणा आसा. तुज्या मनात आसात तर उजवो कौल दी, नसात तर डावो दी."

"व्हय म्हाराजा."

मग त्यांनी आणखी एक मागणं जोडलं. "आणि ज्येना ह्यो रंग दिलो, तेच्या मनात वायट येवक दिव नको."

"व्हय म्हाराजा," हे लोक जमिनीकडे बघून म्हणाले.

अर्धा तास कोणी हललं नाही. मग उजवी पाकळी पडली. सुलक्षणा रडायला लागली आणि ते आनंदानं की कशानं, तिलाही सांगता आलं नाही. अप्पाकाकांनी मूर्तीला नमस्कार केला, टोपी घातली आणि घरी निघून गेले.

मंगळवारी माझी दुपारची गाडी होती. सकाळी सुलक्षणाच्या वहिनीनं घावणे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं केलं होतं. ते खाऊन देवळात गेलो तर अप्पाकाका आमच्या आधीच दुसऱ्या खांबाशी बसलेले. "हय रंगाचे तीन हात आसत गो," ते पुतणीला सांगत होते. "खाली लाल, मगे पिवळो, वयर निळो. लालात मी वार्निश घातलेलंय. तुजा ता औषध तेका पुरूचा नाय." त्यांनी नख लावून जागा दाखवली. सुलक्षणा वहीत लिहून घेत होती. ज्यानं रंग दिला तोच तो उतरवायचा कसा ते शिकवत होता, आणि मी बघत होते.

निघताना मी न राहवून विचारलंच, "काका, वाईट नाही वाटत?"

"वाटता तर," ते म्हणाले. "पण माज्या वाटण्यार देवळां चलतत काय?"

घरी आल्यावर सासूबाईंनी मी कुडाळहून आणलेले काजू आवडीनं खाल्ले आणि इटलीबद्दल काही विचारलं नाही, एवढे त्यांचे उपकार. शाळा सुरू झाली. प्रबोधनाचा धडा जवळ येत होता आणि मी तो पुढे ढकलत होते. 'देवाला विचारायचं सोडून' या वाक्यापाशी माझी गाडी अडायची. त्या देवळातली जुनी कला उजेडात आली ती देवाला विचारल्यामुळे. आणि ते विचारणारा माणूस इतका सरळ वागला, की त्याच्यापेक्षा विचारी माणूस मी अलीकडे पाहिलेला नाही. मग मी मुलांना काय सांगायचं?

सहा आठवड्यांनी सुलक्षणाचा फोन आला. दुसरा आणि तिसरा खांब झाला होता. चौथ्याला हात लावायच्या आदल्या दिवशी अप्पाकाकांनी तिला सांगितलं, की त्या खांबावर खाली काही कोरलेलंच नाही. जुना खांब फार पूर्वी कुजला, तेव्हा गावानं साधा वासा उभा केला होता, आणि ते आठवणारं आता त्यांच्याशिवाय कोणी उरलं नव्हतं. तो मोर अख्खा त्यांचा, कल्पनेनं काढलेला. रंग काढला की खाली नुसतं लाकूड.

"आधी का नाही सांगितलं त्यांनी?"

"मी हेच विचारलं. म्हणाले, तेवा सांगलंय असतंय तर लोक म्हणाले असते, म्हातारो आपलो मोर वाचवता."

सुलक्षणाला मोर ठेवायचा होता. अप्पाकाका ऐकेनात. कौल चार खांबांचा झालाय, तीन खांबांचा नाही, असं त्यांचं म्हणणं. ठेवायचा तर देवाला परत विचारायला हवं, आणि आपल्याच मोरासाठी आपण गाऱ्हाणं घालणार नाही, हेही त्यांचंच. शेवटी दुसऱ्या घराण्यातल्या एका मानकऱ्यानं घालायचं ठरलं. येत्या सोमवारी सकाळी. रंग काढायचा तर उजवा, राहू द्यायचा तर डावा.

त्या सोमवारी दुसऱ्या तासाला आठवीवर मी अखेर तो धडा घेतला. वर्गात फोन न्यायला मुलांना बंदी आहे, माझा मात्र टेबलावर उपडा ठेवला होता. माणूस बुद्धीनं विचार करू लागला, असं मी फळ्यावर लिहीत होते आणि मनात म्हणत होते, डावा पडू दे रे रवळनाथा, डावा. एकोणीस वर्षांत मी असं काही मागितलेलं नव्हतं. हातातला खडू दोनदा तुटला. मुलं एकमेकांकडे बघायला लागली.

फोन थरथरला तेव्हा मी सरळ वर्गासमोर तो उचलला. सुलक्षणानं लिहिलं होतं, "डावा. मोर राहिला." मी खडू खाली ठेवला. मी लिहिलं, "काका काय म्हणाले?"

 मग आलं: "मोराच्या मानेजवळ रंग उडालाय म्हणून ब्रश मागताहेत. माझ्या कामाच्या नियमात हे बसत नाही. नवा रंग चढवायचा नाही, हेच तर शिकलेय मी. ते हात पुढे करून उभे आहेत. तू इतिहासवाली, लवकर सांग. देऊ?"

समोर चाळीस मुलं, मागे फळ्यावर माझं अर्धं वाक्य. मी "दे" असं लिहून पाठवलं. ते बरोबर केलं की चूक, हे मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही.