तिसऱ्या बाकाची तयारी

नाशिकच्या द्वारका चौकाजवळ एका ट्रान्सपोर्टच्या गोदामावर एक खोली आहे. तिथे सुवर्णाबाई मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवतात. मी आयुष्यभर गवंडीकाम केलं. गुडघे गेल्यावर या इमारतीची राखण धरली. खोली उघडणं, झाडणं माझ्याकडे. त्यामुळे बाईंची तयारी रोज कानावर पडते.

वर्ग संध्याकाळी असतो, बाई दुपारीच येतात. फळ्याकडे जात नाहीत. आधी पहिल्या बाकावर लताबाई होऊन बसतात. लताबाईंसारखा पदर ओढतात आणि लताबाई जिथे अडखळतील तिथे अडखळत धडा वाचतात. मग दुसऱ्या बाकावर टेम्पोवाला शेखर होतात. असा सगळा वर्ग एकट्या बसून काढतात. कोण कुठे अडकणार ते कळलं की मगच खडू घेतात. प्लास्टरआधी भिंत भिजवावी लागते. नाहीतर वरून गुळगुळीत दिसतं आणि बोटाने वाजवलं की पोकळ निघतं. बाईंचं काम पोकळ वाजत नाही.

ही सवय त्यांना लहानपणापासूनची. मखमलाबादला त्यांचा झेंडूचा मळा. आई अंबूबाई बाजारात हार विकायची आणि गिऱ्हाइकाने जरा ताणलं की भाव सोडायची. म्हणून हार ओवताना सुवर्णा एकेक गिऱ्हाईक होऊन आईशी घासाघीस करायची. बाजारात आईचा भाव टिकायला लागला. पण एके दिवशी अंबूबाईने तिला थांबवलं. ते बाईंनीच मला सांगितलं. आई म्हणाली, "बास कर, पोरी. त्या माणसांतून तू परत येशील की नाही, याची धास्ती वाटते."

तिसरा बाक इसाकभाईंचा होता. मालेगावचे विणकर, म्हातारपणी नाशिकला आलेले. मुलगी रिदा लंडनला नर्स. तिची पोर इंग्रजीच बोलायची. दर रविवारी फोनवर नातीशी बोलता यावं, म्हणून हा माणूस वर्गाला यायचा. खोल आवाज. प्रत्येक वाक्याआधी खाकरायचे, शेवटचा शब्द सावकाश ठेवायचे, वीट ठेवावी तसा.

उन्हाळ्यात ते गेले. छातीत दुखलं, तेवढंच.

त्यानंतर बाई पहिल्यांदा आल्या तेव्हा मी बाहेर झाडत होतो. आत लताबाई झाल्या, शेखर झाला. मग कोणी तरी खाकरलं. माझा झाडू थांबला. दारातून पाहिलं तर बाई एकट्या, तिसऱ्या बाकावर, खांदे पाडून बसलेल्या. मी म्हटलं, बाई, ते आता नाहीत.

"माहीत आहे, सावळीरामभाऊ," त्या म्हणाल्या. "पण हा बाक ओलांडून पुढे जाता येत नाही."

थोड्या दिवसांनी इसाकभाईंच्या घरच्या, सकीनाभाभी आल्या. नात दर रविवारी विचारायची, नाना कुठे आहेत. रिदा टाळत होती.

"रिदाच्यानं होत नाही," भाभी म्हणाल्या. "सांगायला लागली की रडतेच. म्हटलं, माझ्या माणसाचं मीच सांगेन."

तेवढं सांगण्यापुरतीच इंग्रजी वाक्यं त्यांना हवी होती. कुठे बसणार, असं बाईंनी विचारायच्या आत त्या तिसऱ्या बाकावर बसल्या.

भाभींचा आवाज बाईंना सापडेना. भाभी वर्गात तोंडच उघडत नव्हत्या. शेवटी बाईंनी ठरवलं की घर एक, बोली एक, तर चुकाही त्याच होणार. म्हणून त्या इसाकभाई होऊनच तयारी करायला लागल्या.

"युवर नाना इज डेड, बेटा. ही विल नॉट कम ऑन द फोन."

हे इसाकभाईंच्याच आवाजात ऐकवेना. मी खाली जाऊन बसायचो.

एका दुपारी भाभी लवकर आल्या. जिन्यात माझ्या बाजूला उभ्या राहिल्या. वर आवाज चालू होता. मी बाईंना हाक मारणार, तर भाभींनी हात वर केला. वाक्य संपेपर्यंत ऐकलं. मग आत जाऊन बाईंना खेटून बसल्या.

"थांबू नका," म्हणाल्या.

तेव्हापासून त्या रोज दुपारी यायच्या. आवाज पुढे, भाभी मागे. कष्टात कुठे कसूर नव्हती.

मग तो रविवार. भाभींनी वर्गातूनच फोन लावला. बाई सोबतीला, मी दारात. व्हिडिओ नको म्हणाल्या, चेहरा दिसला तर बोलता येणार नाही.

"नानी, व्हेअर इज नाना?" पोरीने विचारलं.

भाभी खाकरल्या. मी बाईंकडे पाहिलं. बाईंचे ओठ मिटलेले होते.

"युवर नाना इज डेड, बेटा." खोल आवाज. शेवटचा शब्द सावकाश ठेवलेला.

पलीकडे पोर खळखळून हसली.

"नाना! यू आर जोकिंग!"

फोन बंद करायला बाईंनी हात पुढे केला. भाभींनी फोन कानाशी ओढून घेतला. पोर शाळेचं, मांजराचं विचारत सुटली आणि भाभी उत्तरं देत राहिल्या, इंग्रजीत, न अडखळता. मांजराचं नावही घेतलं. हे बाईंनी शिकवलेलं नव्हतं. तयारी मी रोज ऐकली आहे.

फोन ठेवल्यावर भाभी स्वतःच्या बारीक आवाजात म्हणाल्या, "भाऊ, जरा पाणी द्या."

पोरीला अजून कोणी सांगितलेलं नाही. रविवारचा फोन चालू आहे. बाई आजही दुपारी येतात, पहिल्या बाकावर बसतात, दुसऱ्यावर बसतात, मग चौथ्यावर जातात. तिसऱ्याचं मी एकदा विचारलं.

"त्याची तयारी झाली," त्या म्हणाल्या आणि खडू घेतला.