पन्नास ग्रॅम

पियानोच्या पट्टीवर पन्नास ग्रॅमचं वजन ठेवलं आणि ती अलगद खाली बसली, की काम बरोबर झालं असं कारागीर गिऱ्हाइकाला दाखवतो. मीही दाखवलं. तेव्हापासून मला ते वजन डोळ्यांसमोर नको वाटतं, आणि धंदा तर तोच आहे.

गिऱ्हाईक म्हणजे भंडाऱ्याच्या माझ्या शाळेतल्या गाण्याच्या बाई. अड्याळकडच्या मासे धरणाऱ्या घरातला मी; माझा कान चांगला आहे हे त्यांनीच ओळखलं आणि नागपूरच्या पियानो दुरुस्तीच्या कारखान्यात माझ्यासाठी शब्द टाकला. शाळेने अडगळीत काढलेला ग्रँड पियानो त्यांनी निवृत्तीनंतर घरी आणला होता. बोटांचे सांधे दुखायला लागले होते, तरी रोज सकाळी तासभर वाजवायच्या. एकट्या बाईला तेवढीच सोबत.

तारांवर आपटणाऱ्या हातोड्यांचा लोकरी नमदा झिजला होता, म्हणून मी नव्या हातोड्या घेऊन गेलो. अठ्ठ्याऐंशी. सगळ्या जुन्यांपेक्षा जड निघाल्या. हातोडी एका ग्रॅमने वाढली की बोटाला पाच-सहा ग्रॅम जास्त रेटावे लागतात. खरा उपाय एकच: एकेक हातोडी तोलायची, लाकूड तासून हलकी करायची. दोन दिवसांचं काम. मी मालकाला फोन केला.

"पट्टीत शिसं ठोक अन् मोकळा हो," तो म्हणाला. "कोन पाहून राहिलं?"

पट्टीच्या पुढच्या टोकात शिसं भरलं की ती त्या भाराने झुकते आणि मोजताना पन्नास भरतात. पण जलद वाजवताना बोटाला जड हातोडीही हलवावी लागते आणि ते शिसंही. हे मला कारखान्यात जायच्या आधीपासून माहीत होतं. बाबांच्या फेकजाळ्याला मी एकदा शहाणपणा करून जास्तीचे शिशाचे मणी ओवले होते, जाळं लवकर बुडावं म्हणून. काठावर उचलून म्हणालो, काही जड नाही. बाबा खांदा चोळत म्हणाले, "उचलून का समजते? दिवसभर फेकून पाह्य, मंग समजन."

तरी मी शिसं ठोकलं. मालकाचं नाव पुढे करून मला सुटता येणार नाही. वरठी स्टेशनवरून नागपूरची संध्याकाळची गाडी गाठायची घाई माझीच होती.

बाई वाजवायला बसल्या. थोड्या वेळाने थांबल्या. "जड लागून राहिलं रे."

मी पिशवीतून वजन काढून पट्टीवर ठेवलं. पट्टी अलगद खाली गेली. "बघा बाई, पन्नास. बरोब्बर आहे." काय निर्लज्ज आवाज होता माझा!

वर्षभराने त्यांच्याकडे गेलो तर पियानोवर चादर होती आणि चादरीवर औषधांचे डबे. मी म्हणालो, एकदा उघडून बघतो.

"कायले उघडतो? पियानो बरोबर आहे, तूच तर मोजून दाखवलं. माझीच बोटं गेली रे." त्यांनी दोन्ही हात माझ्यापुढे धरले, जणू चूक त्यांची होती.

तेव्हा तरी खरं सांगता आलं असतं. त्यांनी ऐकून घेतलं असतं, रागावल्याही नसत्या.

"वय झालं की होतं असं, बाई," मी म्हणालो.