अकरा चिंध्यांवरची ब्राँझ पावडर

नगरला माझं काम चालायचं ती जागा पूर्वी हातमागाची होती. माग गेले, जमिनीतले खड्डे तेवढे राहिले. त्या पत्र्याच्या शेडला मी स्टुडिओ म्हणायचो आणि गल्लीतले लोक पुतळ्यांचा कारखाना म्हणायचे. खरं सांगायचं तर गल्लीचंच बरोबर होतं. पोटासाठी मी अर्धपुतळे करायचो. कुठल्या तरी गावचा पुढारी वारला की चार माणसं फोटो घेऊन यायची आणि फोटोत नाक वाकडं आलंय, ते जरा सरळ करा, म्हणायची. मी करून द्यायचो. आधी मातीत डोकं, मग साचा, मग प्लास्टर, त्यावर लाखेचा थर आणि शेवटी ब्राँझ पावडर. लांबून बघणाऱ्याला धातू वाटला पाहिजे, एवढीच अट असायची. ती पावडर माझ्या नखांत कायमची बसलेली होती आणि बायको मला ताटावर बसण्याआधी दोनदा हात धुवायला लावायची.

मनापासूनचं काम वेगळं होतं. मुंबईला शिकत असताना मी एका प्रदर्शनात लोखंड, लाकूड, कापड, प्लास्टर असं सगळं एकत्र आणून केलेली शिल्पं पाहिली होती आणि ते खूळ डोक्यात घेऊनच गावी परतलो होतो. इथे लष्कराच्या छावणीतल्या लिलावाचं भंगार मिळायचं, मागाचे मोडके धोटे मिळायचे, गोणपाटाला तर तोटाच नव्हता. चिकटवायला सरस शिजवायचा, गोणपाट प्लास्टरमध्ये बुडवायचा आणि लोखंडाच्या सांगाड्यावर चढवायचा. असं एक सहा फुटी काम मी दारातच उभं केलं होतं. पाणीवाल्याने वर्षभर ते निमूट पाहिलं आणि मग एकदा काळजीने विचारलं, "सर, हे अर्धवट का सोडलंय?" मी त्याच्यावर उखडलो होतो. तेव्हा मी कुणावरही उखडायचो.

रविवारी सकाळी मी वर्ग घ्यायचो. शाळांचे ड्रॉइंग मास्तर यायचे, एक पाट्या रंगवणारा यायचा, कॉलेजातली दोघंतिघं यायची. शिकवायची माझी रीत माझ्या गुरूंची होती. ते बोलत नसत. मागून येऊन उभे राहत, तुमचं काम दोन मिनिटं बघत आणि मग सरळ हात घालत. तासभर खपून केलेला गाल अंगठ्याने दाबला जायचा आणि चेहरा जागच्या जागी जिवंत व्हायचा. आम्हाला त्यात अपमान वाटत नसे. उलट ज्याच्या कामाला गुरूंचा हात लागला नाही तो दिवसभर तोंड पाडून बसायचा. माझ्या वर्गातही तेच. "सर, जरा हात लावा ना," असं दर पाच मिनिटांनी कुणीतरी म्हणायचं आणि मी लावायचो. परीक्षेला, प्रदर्शनाला माझ्या विद्यार्थ्यांची जी कामं जायची, त्यांच्यात निम्मा मीच असायचो. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणाला काही वाटत नव्हतं.

बाई मात्र कधी तसं म्हणाल्या नाहीत. त्या पारनेर तालुक्यातल्या एका वाडीवर शाळामास्तरीण होत्या, तिशी ओलांडलेल्या. मुलांना हाताने काहीतरी करायला शिकवावं म्हणून स्वतः शिकायला आल्या होत्या. दर रविवारी दोन एसट्या बदलून यायच्या, कोपऱ्यातली जागा धरायच्या आणि नेहमी कामाच्या आणि माझ्या मध्ये बसायच्या. मी जवळ गेलो की हळूच सरकून आड यायच्या. सुरुवातीला मला त्याची गंमत वाटायची. पुढे राग यायला लागला.

ते दुष्काळाचं साल होतं. गावोगाव सरकारी कामं निघाली होती आणि बाया रस्त्याच्या कडेला खडी फोडत बसायच्या. बाईंची आईही त्यात होती. एका रविवारी बाई एक पिशवी घेऊन आल्या आणि त्यांनी ती माझ्या टेबलावर रिकामी केली. चिंध्या होत्या. खडी फोडताना हातोडा बोटावर बसतो, म्हणून बाया बोटाला फडकं गुंडाळतात आणि वर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवतात. बोटाच्या आकाराच्या तशा अकरा पुंगळ्या होत्या, दगडाच्या भुकटीने पांढऱ्या पडलेल्या. एकेकीने आपली एकेक काढून दिली होती. बाई मला प्रत्येकीचं सांगत गेल्या. ही हिरव्या काठाची हिची, ही नातवाच्या चड्डीची तिची, ही पिठाच्या पिशवीची. निळ्या लुगड्याची होती ती आईची. मी हूं हूं करत ऐकलं. माझं लक्ष रबराच्या पोताकडे होतं.

तीन महिने त्या त्यावर काम करत होत्या. बूड झिजून भोक पडलेलं एक लोखंडी घमेलं त्यांनी आणलं, त्यात खडी भरली आणि अकरा तारांवर त्या अकरा चिंध्या उभ्या केल्या. सरस नाही, प्लास्टर नाही, नुसत्या दोऱ्याने बांधलेल्या. कुणी उंच, कुणी बुटकी, एक तर पार बाजूला कललेली. दारातून वारा आला की त्या हलायच्या. वर्गातले मास्तर आपलं काम सोडून ते बघायला जमले होते. मीही गेलो होतो, पण मी गुरू होतो, त्यामुळे मी मान हलवली आणि म्हणालो, "कल्पना चांगली आहे, बाई. बांधणी सैल आहे."

"सैलच पाहिजे, सर," त्या म्हणाल्या.

तरीही मुंबईच्या मोठ्या प्रदर्शनासाठी मी तेच काम निवडलं. फॉर्मवर त्यांचं नाव लिहिलं. सोमवारी टेम्पो निघायचा होता. शनिवारी दुपारी मी शेडमध्ये एकटाच होतो आणि ते काम माझ्यासमोर होतं. आता किती वर्षं झाली, त्या दुपारचं मी स्वतःला अनेक प्रकारे सांगून पाहिलं आहे. टेम्पोत हादरे बसून सगळं विस्कटेल असं वाटलं, हे खरं आहे. परीक्षक याला कचरा समजतील असं वाटलं, तेही खरं आहे. पण सगळ्यांत खरं हे की त्या कामात माझा कुठेच हात नव्हता आणि ते मला सोसवत नव्हतं.

मी दोरे कापले. चिंध्या पातळ प्लास्टरमध्ये बुडवून काढल्या आणि पुन्हा तारांवर चढवल्या, या वेळी नीट चढत्या उंचीने. कललेली होती ती सरळ केली. वाळल्यावर लाख मारली आणि सगळ्यावर ब्राँझ पावडरचा हात फिरवला. काम देखणं झालं, यात शंका नाही. मी मागे सरून पाहिलं आणि मला इतका आनंद झाला की मी समोरच्या हॉटेलातून स्वतःसाठी भजी मागवली.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या त्या आईला घेऊन. म्हातारीला त्या दिवशी कामावर सुट्टी होती. कामावरच्या बायांनी तिला बजावून पाठवलं होतं की आमचंही बघून ये. म्हातारी चपला दाराबाहेर काढून आत आली, घमेल्यासमोर उकिडवी बसली आणि एकेक पुंगळीवरून नजर फिरवत गेली. शेवटाला पोचली आणि परत पहिल्यापासून सुरू केलं.

"ह्यातलं माजं कंचं गं?" तिने विचारलं.

बाई उत्तर द्यायला पुढे झाल्या आणि थांबल्या. त्यांनाही सांगता येईना. मग त्या माझ्याकडे बघायला लागल्या. मीही त्या अकरांकडे पाहिलं. सगळ्या एकसारख्या सोनेरी, एकसारख्या ताठ. म्हातारीची निळी कुठली, ते मला आठवणं शक्यच नव्हतं, कुठली कुठे उभी होती हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

"रंग दिलाय सरांनी, आये," बाई म्हणाल्या.

"व्हय का. लई चकाकतंय," म्हातारी म्हणाली. तिला माझं मन मोडायचं नव्हतं. मग उठता उठता लेकीला म्हणाली, "बायांस्नी काय सांगू? त्या इचारत्याल, आमचं कुटं हाय."

मी काहीबाही बोललो. टिकाऊपणा, परीक्षक, धातूचा भास. बाईंनी पुरतं ऐकून घेतलं आणि मग अगदी सावकाश म्हणाल्या, "सर, फॉर्मवरचं माझं नाव काढा."

"मग कुणाचं लावू?"

"तुम्हीच केलंय. तुमचं लावा."

त्या वेळी माफी मागितली असती तर वाचलो असतो. प्लास्टर फोडून, धुऊन, काही चिंध्या तरी सोडवता आल्या असत्या. पण मला राग आला. दोन एसट्या बदलून येणारी एक मास्तरीण मला शिकवते, हेच डोक्यात घुमायला लागलं. मी त्यांच्यासमोर पेन उघडलं, त्यांचं नाव खोडलं आणि वर माझं लिहिलं. त्यांना धडा शिकवायचा होता. त्यांनी आईचा हात धरला, मला नमस्कार केला आणि दोघी गेल्या. पुढच्या रविवारी त्या आल्या नाहीत, मग कधीच आल्या नाहीत.

कामाला पहिलं बक्षीस मिळालं. नगरच्या पेपरात माझा फोटो आला. ज्यांनी मला पुतळेवाला म्हणून ओळखलं होतं त्यांनी आता शिल्पकार म्हणायला सुरुवात केली, आणि मी ते आवडीने ऐकून घेतलं. मात्र वर्गात कुणी "सर, हात लावा" म्हटलं की मी न ऐकल्यासारखं करून दुसरीकडे वळायचो.

पुढच्या पावसाळ्यानंतर मी त्यांच्या वाडीवर गेलो. बक्षिसाचं प्रमाणपत्र गुंडाळी करून बरोबर घेतलं होतं, का ते माझं मलाच माहीत नव्हतं. शाळेच्या ओट्यावर मुलं मातीची, चिपाडांची, बाटल्यांच्या बुचांची जनावरं करत बसली होती. एका पोराच्या बैलाला पाच पाय होते. बाई त्यांच्यामध्ये बसल्या होत्या, दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत अडकवून. मी आल्याचं पाहून उठल्या आणि घरी घेऊन गेल्या. बुद्धाच्या तसबिरीखाली सतरंजी घातली. म्हातारीने चहा केला आणि बक्षीस मिळालं त्याबद्दल माझं अभिनंदन केलं, अगदी मनापासून.

मी म्हणालो, "बाई, चूक झाली माझी. परत या वर्गाला."

"राग नाही हो, सर," त्या म्हणाल्या. "पण आता मी काही करायला घेतलं ना, की वाटतं हे कुणीतरी येऊन नीट करील. मग हातच चालत नाही. मुलांचं बघते, तेवढं पुष्कळ आहे."

एका माणसाचे हात मी थांबवले होते आणि तेच माणूस मला आणखी चहा घ्या म्हणत होतं. मी म्हणालो, प्रदर्शनवाल्यांना पत्र लिहितो, काम तुमचं आहे म्हणून कळवतो.

"माझं म्हणून नको," बाई म्हणाल्या. "जमलं तर त्या बायांचं म्हणून लिहा. तेवढं कागदावर आलं तर मी जाऊन सांगेन त्यांना."

"उद्याच लिहितो," मी म्हणालो. म्हातारीनेही ते ऐकलं.

उद्या लिहिलं नाही. आठवड्यानेही नाही. लिहायला बसलो की दुसऱ्याच ओळीत माझं नाव यायचं आणि ते कसं आलं हे सांगावं लागायचं. मग नगरलाच माझा सत्कार ठरला. त्या सभेत सगळं सांगून टाकायचं असं मी ठरवलं होतं, शपथेवर सांगतो. हार घातला गेला, भाषणं झाली आणि शेवटी एका तरुण प्राध्यापकाने उभं राहून विचारलं, सर, ही कल्पना तुम्हाला सुचली कशी?

मी उठलो. सभागृह भरलेलं होतं, पहिल्या रांगेत बायको बसली होती. मी म्हणालो, दुष्काळात खडी फोडणाऱ्या बायांच्या शेजारी मी तासन्‌तास बसायचो, त्यांच्या बोटांकडे बघायचो. प्रत्येकीच्या बोटावर वेगळं फडकं असायचं. कुणाच्या नातवाच्या चड्डीचं, कुणाच्या पिठाच्या पिशवीचं. बोलता बोलता माझा आवाज भरून आला, आणि ते नाटक नव्हतं. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. पेपरात ते भाषण शब्दाला शब्द छापून आलं. ते पेपर तालुक्याच्या गावांपर्यंत आणि तिथून शाळांपर्यंत जात असत.

खडीच्या कामावर मी आयुष्यात एकदाही गेलेलो नव्हतो.