हनीफभाईंचा रविवार

धुळ्यात आमच्या बागेत दर रविवारी सकाळी आम्ही काहीजण गाजरगवत उपटायला जमतो. सगळ्यांच्या आधी हनीफभाई हजर. पूर्वी पॉवरलूमवर कामाला होते. आता बायको, सुगराबी, लकव्यानं खाटेला खिळलेली, आणि हे दिवसरात्र तिच्यापाशी. कूस बदला, भरवा, धुवा. रविवारी लेक मिसबाह येते, तेवढीच यांची सुटका.

गाजरगवत काहींच्या अंगाला सोसत नाही. हनीफभाईंना तर मुळीच नाही. मान काळवंडली, पापण्या सुजल्या. डॉक्टरांनी साफ सांगितलं, या गवताच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही. तरी पुढच्या रविवारी गळ्याला रुमाल गुंडाळून हा बाबा आलाच.

"येडा माणूस शे," मी भडकले. "गवतापायी जीव द्यायचाय का?"

ते उपटतच राहिले. "कुंदाताई, घरात दम कोंडतो माझा. खाज परवडली. तिला मात्र डॉक्टरांचं काही सांगू नका."

माझं डोकंच सरकलं. हात धुतले आणि तडक त्यांचं घर गाठलं. बायकोनं दटावलं तर ऐकतील, असं मला वाटलं. मिसबाह मागच्या अंगणात कपडे धूत होती. सुगराबी भिंतीकडे तोंड करून रडत होत्या. मला पाहून त्यांनी डाव्या हातानं घाईघाईनं डोळे पुसले.

मी डॉक्टरांचं सगळं सांगितलं. "त्यांना थांबवा, भाभी. तुमचंच ऐकतील."

"त्यांची मान दिसते मला," त्या म्हणाल्या. जीभ जड, एकेक शब्द ओढून काढावा लागत होता. "ते घरात असले की मला हसावं लागतं. मी रडले तर ते जेवत नाहीत. आठवडाभर हसते, कुंदाताई. ते बागेत गेले की रडून घेते. तेवढं तरी राहू द्या."

वाईट वाटत होतं आणि रागही येत होता, कोणावर ते कळत नव्हतं. मी उठले तशी त्यांनी पुन्हा भिंतीकडे तोंड वळवलं.

फाटकात हनीफभाई उभे. माझ्या मागोमाग आले होते, धापा टाकत.

"सांगितलंत तिला?"

"नाही," मी म्हटलं. "पुढच्या वेळी लांब बाह्यांचा सदरा घाला. आणि हातमोजे."

ते आत निघाले, तर मी त्यांच्या वाटेत आडवी उभी राहिले. बागेतलं किती गवत राहिलं, पुढं कुठून सुरुवात करायची, असं काहीबाही विचारत राहिले. आत सुगराबींचं रडणं अजून आटपलं नव्हतं.