विनूने न ओढलेली रेघ

विनू गेल्याचं सांगायला त्याचा धाकटा भाऊ बदलापूरहून सायकल हाणत आला, तेव्हा मी दाढी करत होतो. एका गालावर साबण तसाच. म्हणालो, "अरे, परवाच तर भेटला!" जणू परवा भेटलेला माणूस मरूच शकत नाही... महिना झाला, मला अजून ते पटलेलं नाही.

आम्ही दोघं निर्वासितांच्या छावणीच्या कचेरीत कारकून. उल्हासनगर हे नाव तेव्हा नवंकोरं होतं. लष्कराच्या बराकी, सकाळचं धुकं, आणि त्या धुक्यातून हळूहळू दिसू लागणारी सिंधी माणसांची रांग... कधी वाटतं, ते सगळं मी झोपेतच पाहिलं. आम्ही त्यांचे फॉर्म भरायचो. रकाना कोरा सोडायचा नाही, लिहायला काही नसेल तर आडवी रेघ ओढायची. रेघ म्हणजे इथे काही नाही, आणि पुढे कुणी काही घुसडायचंही नाही. मला ती रेघ फार आवडे. एका फटक्यात काम संपे.

एके दिवशी विनूच्या टेबलाशी लाजवंती आली. नवरा दंगलीत हरवलेला. 'पतीचा सध्याचा पत्ता' या रकान्यापाशी विनूने टाक टेकवला, तशी तिने त्याचा हातच धरला. "साईं, लकीर मत खींचो. वो आएगा, फिर किधर लिखोगे?"

विनूने टाक खाली ठेवला. साहेबांनी तो फॉर्म तीनदा परत पाठवला. मी कानीकपाळी ओरडलो, "गाढवा, एका रेघेपायी नोकरी घालवशील!" तो म्हणाला, "तिचा नवरा मी कोण खोडणार रे?" घालवलीच शेवटी. अंबरनाथच्या एका कारखान्यात हजेरी मांडायला लागला, आणि त्याचं टेबल माझ्याकडे आलं. साहेब समोर उभे होते, माझं लग्न ठरलं होतं... मी रेघ ओढली. पुढे विनूने विचारलं, "कोराच आहे ना रे?" मी म्हणालो, "कोराच." त्याने पुन्हा कधी विचारलं नाही.

मागच्या आठवड्यात लाजवंतीकडे गेलो. तीन नंबरच्या कॅम्पात ती पापड लाटते. नवरा अजून आलेला नाही. विनूचं कळल्यावर ती पदर तोंडाला लावून रडली. मग माझ्या तोंडून रेघेचंही निघालं.

"मालूम है," ती म्हणाली. "विनूभाई सर्टिफिकेट लेने ऑफिस गया था, तब देखा उसने. मेरे को बोला, दोस्त को कुछ मत पूछना, उसको बहुत बुरा लगेगा."

म्हणजे इतकी वर्षं त्याला ठाऊक होतं! आणि तरी दर रविवारी तो माझ्या खोलीवर येत होता, खिडकीजवळच्या खुर्चीत बसून बशीतून चहा पीत होता. लाज वाटते मला. त्याहून जास्त त्याची आठवण येते.

काल माझी लेक त्या खुर्चीत चढून बसली, तर मी उगाच तिच्यावर खेकसलो. ती घाबरून उतरली. "विनूकाका येणारेत?" तिने विचारलं.

मला 'नाही' म्हणवेना.